सुखदेवचे वडील फाटकावर आले होते

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं — पत्नीलाही नाही. पन्नाशी उलटली, तरी नाही.

गोंदियाच्या आमच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलांची वेगळी इमारत होती. माझ्या खोलीत दरेकशाचा सुखदेव राहायचा. दर रविवारी त्याचे वडील पॅसेंजरने येत — गुडघ्यापर्यंत धोतर, अनवाणी पाय, हातात भाजलेल्या मोहफुलांचं गाठोडं. आमच्याकडे एक रीत होती: भेटायला आलेल्या पालकाची संध्याकाळी मेसमध्ये नक्कल व्हायची. सुखदेवच्या वडिलांची नक्कल मी करीत असे. उत्तम करीत असे. सुखदेवही हसायचा — दुसरं काय करणार होता तो?

एका रविवारी तो मागे नळावर कपडे धूत होता. फाटकावर मी गेलो. आणि अगदी हळू, आदराने म्हणालो, "काका, सुखदेव म्हणते, येत नका जाऊ. त्याले लाज वाटते."

सुखदेव असं कधीच म्हणाला नव्हता. मग ते वाक्य आलं कुठून? महिन्याभरापूर्वी सौंदडला, माझ्या घरी, मीच ते माझ्या वडिलांना ऐकवलं होतं — स्वतःच्या नावाने. माझे वडील यायचे थांबले. सुखदेवचे मात्र येतच होते. ते मला खुपत होतं का? होतं. पण त्या क्षणी मला मजा वाटली — हेही लिहिलं पाहिजे.

ते स्वतःच्या धोतराकडे पाहत राहिले. "बरं बाबू," म्हणाले. गाठोडं माझ्या हाती दिलं. चार पावलं जाऊन परत वळले.

"मी आलतो म्हणून सांगू नको त्याले."

त्यांचं तेवढं मात्र मी इमानाने पाळलं. मोहफुलं एकट्याने खाल्ली.

पुढचे कितीतरी रविवार सुखदेव फाटकाशी उभा असायचा. "बा काऊन येत नाही बे?" "धानाची कापणी असंल," मी सांगायचो. दिवाळीला घरी जाऊन आला. म्हणाला, बा धड बोललाच नाही. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी?

गेल्या महिन्यात दरेकशाला गेलो. त्याचे वडील वारून बरीच वर्षं झाली. ओसरीवर चहा देताना सुखदेव म्हणाला, "बा मायावर कायले रागावला होता, समजलंच नाही गा."

मी कप खाली ठेवला. मोठ्याने म्हणालो,

"सुखदेव, तुया बापाले मी खोटं सांगतलो. लाज वाटते असं तू म्हटलाच नव्हता. मले माफ कर."