तिसऱ्या रांगेतली मालकीण

स्वतः चालवत असलेली छोटी गाडी मी स्वतःच्याच तोंडानं विकायला लावली, हा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. दहा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी जेमतेम साठीची होते, अक्कल यायची होती.

गाडी जुनी. दार दोनदा आपटावं लागे आणि एसी म्हणजे खाली केलेली काच. पण दर बुधवारी ती घेऊन मी महाडहून निघे ती जेवणाच्या वेळेला उमरठला, थोरल्या बहिणीकडे. गुडघ्यांमुळे तिचं जग उंबऱ्यापाशी संपत असे. ती दोन ताटं मांडून बसायची. दुपारभर आम्ही गावाची उणीदुणी काढायचो.

गणपतीला मुंबईचे दीर-जावा आले आणि माझ्या अंगात आलं. मुलाला म्हटलं, "ही विकून आठ जणांची घेऊ या, सगळे एकत्र फिरू." आली. पांढरीशुभ्र, लांबलचक. आमच्या गल्लीत ती वळवायची म्हटल्यावर मी किल्ली मुलाच्या हातात दिली. म्हणजे चालवणार मुलगा, आणि जायचं त्याच्या सुट्टीच्या रविवारी.

छोट्या गाडीचा गुण तेव्हा कळला. तिच्यात जागा नसे, म्हणून कुणाला नाही म्हणता येई. आता पहिल्याच रविवारी निघायच्या आधीच दारात पोलादपूरकडे जाणारी माणसं. "काकू, जागा हाय ना?" हाय की. वर मीच ऐटीत म्हणाले, "तुम्ही बसा ऐसपैस, मी मागे जाते." मधली सीट दुमडली, मी आत सरकले, सीट परत उभी राहिली. मागे ना दार, ना उघडणारी काच. मांडीवर कुणाचं तरी तांदळाचं गाठोडं.

पोलादपुरात एकेकाला दारापर्यंत सोडत उमरठला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मुलगा हातपाय धुवायला गेला. उरलेले दोघे उतरून थेट पडवीत टेकले. सीटचा खटका कुठे असतो, ते मला माहीत नव्हतं. मालकीणबाई काचेवर टकटक करत बसल्या.

बहिणीनं पाहिलं. भिंत धरत, मग काठी टेकत, ती उंबरा ओलांडून अंगणात आली आणि काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहिली. मुलानं येऊन सीट पाडली. मी आधी पाय, मग बाकीची, अशी बाहेर आले.

"चहा घेऊन लगेच निघू, आई," मुलगा म्हणाला.

आत दोन ताटं झाकलेली दिसत होती. बहिणीनं माझा चुरगळलेला पदर नीट केला आणि म्हणाली, "बुधवारी एसटीनं ये गो. कंडक्टर दार तरी उघडतो."