कुंपणापलीकडची विहीर

त्या उन्हाळ्यात बंगळूरच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत नळांना पाणी येईनासं झालं. मी लग्न होऊन पुण्याहून नुकतीच आले होते. घागर घेऊन कुंपणापलीकडच्या विहिरीवर गेले. तिची मालकीण पाणी शेंदत होती. मोडक्या कन्नडमध्ये मी म्हटलं, "अक्का, स्वल्प नीरु." तिनं आपली कळशी बाजूला ठेवून आधी माझी घागर भरली.

"घर कुठलं तुझं?" तिनं विचारलं. मी बोट दाखवलं.

"तिथं आमची नाचणी व्हायची," ती सहज म्हणाली. वसाहतीसाठी तिचं शेत गेलं होतं, एवढी विहीर उरली होती. मला मान वर करवेना.

"उद्याही ये."

दुसऱ्या दिवशी पाय उचलत नव्हता. पण घरात थेंब नव्हता, म्हणून गेलेच.