काजबटण मावशींचा अभ्यास

व्हिडिओतल्या सरांनी "समझ में आया?" असं विचारलं की काजबटण मावशी मोठ्याने "हो सर" म्हणायच्या. नाही समजलं तर "थांबा सर" म्हणून मला बोटाने खूण करायच्या, आणि मी व्हिडिओ मागे न्यायची. सरांना आपलं ऐकू जात नाही, हे मी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं. "ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या, "पण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नको?"

मावशी भांडुपला आमच्याच मजल्यावर राहायच्या. मरोळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं शर्टांना काज करणं आणि बटणं लावणं, म्हणून हे नाव. शाळा सातवीपर्यंत. अभ्यासाला मात्र धुतलेली साडी नेसून, खुर्चीत ताठ बसायच्या. "पलंगावर बसा की आरामात," म्हटलं तर म्हणायच्या, "वर्गात कुणी लोळतं का?"

किडनीचा हा अभ्यासक्रम इंटरनेटवर मीच शोधून दिला होता. फुकट, हिंदीतून, बावीस धडे. मला याद्या केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे त्यांच्या भिंतीतल्या कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवला. शनिवारी मी धडा आधी बघून अवघड शब्द मराठीत लिहून ठेवायची, रविवारी दुपारी आम्ही दोघी बघायचो, आणि झाला की तक्त्यावर बरोबरची खूण.

धड्यानंतर प्रश्न असायचे. उत्तर चुकलं की "पुन्हा प्रयत्न करा" अशी पाटी यायची. मावशींना त्याचं फार अप्रूप. "आमच्या सुपरवायझरने शर्ट तोंडावर फेकला असता. हे किती सबुरीने सांगतात बघ."

तळमजल्यावरचा दिलीप जिन्यात हटकून चिडवायचा. "काय मावशी, दवाखाना कधी टाकताय? पहिलं इंजेक्शन मला हां!"

"तुला जिभेवर देते, ये."

वर आल्यावर मात्र मला म्हणाल्या, "डॉक्टर कशाला व्हायचंय मला? ह्यांना काय झालं तेवढं कळलं की बास."

त्यांचे यजमान गोदामात हमाली करायचे. कंबर कायम दुखायची. मावशी औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून द्यायच्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी कित्येक वर्षं. मग पाय सुजले, आणि इस्पितळात आठव्या दिवशी ते गेले. डॉक्टर एवढंच म्हणाले, किडनी गेली. "कशाने गेली, ते मी विचारलंच नाही," मावशी म्हणाल्या. "गोळ्या माझ्याच हातच्या ना, सुनंदा. धीर झाला नाही."

चौदावा धडा दुखण्याच्या गोळ्यांवर होता. शनिवारी मी तो पाहिला. एकोणीस मिनिटं. मग ऑफिसातली एखादी अडचण निकालात काढावी तसा तो निकालात काढला. दुसऱ्या दिवशी थेट पंधरावा लावला, आणि उठताना तक्त्यावर चौदा आणि पंधरा, दोन्हींपुढे खुणा केल्या. मावशींनी काही विचारलं नाही. बाविसाव्या धड्यापर्यंत "हो सर" चालू राहिलं. बाईचं भलं केलं, असंच मला वाटत होतं.

अभ्यास संपल्यावर काही महिन्यांनी त्यांनी खोली सोडून जालन्याकडे भाचीजवळ राहायला जायचं ठरवलं. सामानाची यादी मीच केली. टेम्पो अकराला येणार होता. तक्ता काढायला मी कपाटापाशी गेले, तेव्हा मागून मावशी म्हणाल्या, "चौदावा मी बघितला हां."

मी वळलेच नाही.

"सव्वीस वर्षं बटणं मोजली मी. तेरानंतर पंधरा आला तर मला कळणार नाही होय? सोमवारी तू कामावर गेलीस, तेव्हा लावला. दिलीपला सांगितलं मोबाईलवर काढून दे, आणि त्याला घालवून दिला."

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"सर म्हणाले, रोज वर्षानुवर्षं खाल्ल्या तर होऊ शकतं. झालंच असेल असं नाही म्हणाले. होऊ शकतं. तेवढ्यावरच राहायचं आता मला. तुझा राग नाही. पण दर धड्याला तू बाजूला असायचीस, आणि नेमका तो धडा मी एकटीने ऐकला गं."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. मावशी खुर्चीत बसल्या. खुर्ची तेवढी अजून खाली गेली नव्हती. "एकोणीस मिनिटांचा आहे. लाव ना. एकदा बस माझ्याजवळ."

"मावशी, ड्रायव्हर खोळंबलाय," मी म्हटलं. "दिवाळीत येते जालन्याला, तेव्हा दोघी निवांत बघू."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. मी खुर्ची उचलून खाली पाठवली.

दिवाळीत ऑफिसचं काम निघालं. मग मुलाची परीक्षा आली. 'जालना – मावशी' ही ओळ मी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवत राहिले. फेब्रुवारीत भाचीचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात होते. मावशी गेल्या, शेवटी फार हाल झाले नसावेत, असं ती म्हणाली. जवळ कोण होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, आम्ही सगळे शेतावर होतो, मावशी घरात एकट्याच होत्या.