उशाशी एक मोकळा हात

डॉ. सदानंद पेंडसे यांना मी प्रथम पाहिले ते जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका रुग्णालयात, एका जर्मन आजोबांचे नाक खाजवताना. पडद्यापलीकडे आजोबांच्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया चालली होती आणि अलीकडे आमचे भूलविभागप्रमुख गंभीर चेहऱ्याने हे काम करीत होते. त्यांच्या हाताखाली काम करायला पुण्याहून नुकताच आलेला मी अवाक झालो.

कारण नंतर कळले. कण्यात द्यायच्या भुलीच्या इंजेक्शनात सर अफूच्या जातीचे औषध अगदी किंचित मिसळत. मग बधिर करणारे मूळ औषध थोडेच पुरते, म्हाताऱ्या माणसाचे ब्लडप्रेशर सहसा कोसळत नाही, पायही लवकर हलू लागतात. मात्र काहींचे नाक खाजते. आणि एका हाताला सलाइन, दुसऱ्याला ब्लडप्रेशरचा पट्टा. खाजेवर काही औषध देऊ का, असे मी विचारले तेव्हा सर म्हणाले, "एवढ्याशा खाजेला आणखी औषध कशाला? आपला हात मोकळा आहे ना."

सर्जन मंडळी त्यांना 'नाकाचे प्राध्यापक' म्हणत. सर हसत, पण उशाजवळचे स्टूल सोडत नसत.

माझे वडील कराडहून आमच्याकडे आले असताना त्यांच्यावर हीच शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांचे हृदय अधू, त्यामुळे माझे धाबे दणाणले होते. सरांनी इंजेक्शन स्वतः दिले आणि पूर्ण वेळ उशाशी बसले. "अहो डॉक्टर, राहू द्या," असे वडील संकोचाने म्हणत राहिले. संध्याकाळी ते आईला पाय हलवून दाखवत होते.

आज सरांच्या साठीनिमित्त लिहिताना आनंद व्हायला हवा. होत नाही. मज्जातंतूंच्या आजाराने त्यांचे दोन्ही हात गेले आहेत. कण्यातली नेमकी जागा ज्या बोटांना क्षणात सापडे, ती आता मांडीवर निपचित असतात.

गेल्या आठवड्यात भेटायला गेलो, तेव्हा सर औषधाच्या मात्रांविषयी भरभरून बोलत होते. मध्येच थांबले, नाक आक्रसले, माझ्याकडे पाहिले आणि नजर वळवली. आयुष्यभर दुसऱ्यांचे केलेल्या माणसाला मागणे जमत नव्हते. मी खुर्ची जवळ ओढली.

"सर, आपला हात मोकळा आहे ना."

 सरांनी नाक पुढे केले आणि 'अगदी बरोबर' अशा अर्थाने जर्मनमध्ये म्हणाले, "गेनाऊ. जरा डावीकडे."

दीर्घायुष्य चिंतताना माझी लेखणी अडखळते, कारण हळूहळू सारे अंग लुळे करणाऱ्या या आजारात दिवस लांबणे म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तरीही मागतो. सर, पुष्कळ जगा. आम्ही आळीपाळीने उशाशी बसू.