कढीपत्त्याची देखणी रेघ

काकांचा कढीपत्ता मी पाण्यावाचून वाळवला, आणि तोही त्याच्या ओलाव्याची अहोरात्र नोंद ठेवून.

काका म्हणजे परदेशातल्या आमच्या बॉथेल गावातले निवृत्त डॉक्टर. हिवाळ्यात ते आणि काकू पुण्याला जातात. बी लावून वाढवलेलं त्यांचं ते झाड. इथल्या अर्ध्या मराठी घरांची फोडणी त्याच्या जिवावर. कुंडी माझ्या गॅरेजमध्ये दिव्याखाली ठेवून ते म्हणाले, "माती सुकली की पाणी घाल. बाकी काही करू नकोस."

बाकी काही न करणं आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बसत नाही. मी मातीत सेन्सर खोचला आणि त्याचे आकडे टाइम-सिरीज डेटाबेसमध्ये, म्हणजे वेळेनुसार नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, सोडले. तिथला नियम साधा: नोंद कोणाची ते लेबलात लिहायचं, मोजलं किती ते आकड्याच्या रकान्यात. बेलव्ह्यूच्या ऑफिसात नव्या पोरांना हे मीच शिकवतो, चुकले तर वर टोमणेही मारतो. घरी मात्र घाईघाईत ओलाव्याचा आकडाच लेबलात घातला. झालं! डेटाबेसच्या लेखी प्रत्येक आकडा ही एक वेगळीच कुंडी. चाळीस टक्केवाली कुंडी कायम चाळीसवर, तीसवाली तीसवर. 'कुठल्याही कुंडीचा ओलावा घसरला तर फोनवर कळव,' असं मी बजावून ठेवलं होतं. घसरणार कुठली? झाड वाळत होतं, फोन गप्प होता, आणि मी भेटेल त्याला माझी सिस्टिम किती शांत चालते ते ऐकवत होतो.

"अरे, पानं गळतायत," बायको म्हणाली.

"अलर्ट नाही आला."

"मग काय, फोडणीत अलर्ट घालू?"

तेव्हा कुठे मी लॅपटॉप उघडला. चूक सापडली, लेबल आणि आकडा आपापल्या जागी गेले, आणि घसरणारी रेघ काय देखणी उमटली! मग पाणी घातलं. तोवर कुंडीत नुसती काडी उरली होती.

काका परत आले, तेव्हा मी त्यांना आधी ती रेघच दाखवली. लेबलाचं प्रकरणही समजावू लागलो. त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला आणि काडीची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं होतं. माझा जीव भांड्यात पडला. उत्साहाने मी कुंडी उचलायला वाकलो.

"जिवंत आहे," काका म्हणाले. "तू हात लावू नकोस. गाडीचं दार उघड फक्त."