बटणांच्या खणांतले शब्द

बटणबाईंच्या नजरेत मधोमध धुकं होतं. कडेकडेने जग शाबूत होतं. समोर बसलेल्या मुलाचे कान दिसत, केस दिसत, हलणारे बूट दिसत. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता पिंजलेला कापूस. दोन वर्षं असंच चाललं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता.

पत्ता लागू द्यायचाही नव्हता. लेकीने एकदाच, पण ठासून सांगितलं होतं, "डोळ्यांनी दगा दिला की शिकवणी बंद. सरळ माझ्याकडे राहायला यायचं आणि आराम करायचा." लेकीचं घर गाडीने सहा तास लांब. बाईंना त्या सहा तासांची भीती नव्हती. आराम या शब्दाची होती.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी नवरा गेला. त्याचं बटणांचं दुकान मिटलं. भिंतभर कपाट तेवढं उरलं. नव्वद लहान खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा नमुना म्हणून एक बटण ठोकलेलं. शिंपल्याचं, पितळेचं, लाकडाचं, काचेचं. बाईंनी त्या रिकाम्या खणांत इंग्रजी शब्द भरले. एका चिठ्ठीवर एक शब्द. एका वळणाचे शब्द एका खणात.

चार वाजता पाच मुलं यायची. दुकानाच्या काचेवरची जुनी अक्षरं तेव्हा सावली होऊन फरशीवर उतरलेली असत. मुलं त्या सावल्यांवरच फतकल मारून बसत.

शिंपल्याच्या बटणामागे शेवटी 'ई' असलेले शब्द होते. "हा 'ई' स्वतः तोंड उघडत नाही," बाई सांगत, "पण आधीच्या स्वराला बोलतं करतो. कॅपचा केप करतो, किटचा काइट करतो. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं."

"आमच्याकडे बाबा," बेकरीवाल्याची जुळी एका सुरात म्हणत.

काचेच्या बटणामागे 'क्यू' राहायचा. 'यू'चं बोट धरल्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर पडत नसे. सगळ्यात खाली, तडकलेल्या बटणामागे, कोणताच नियम न मानणारे शब्द होते. तो हट्टी खण. मुलांचा सगळ्यात लाडका.

बाईंचा हात बटणावर टेकला की आत कोण राहतं ते त्यांना कळे. मग मूल चिठ्ठी काढी, शब्द मोठ्याने वाची, एकेक अक्षर सांगे. "माझ्याकडे काय बघतोस? ज्याच्या हातात शब्द, त्याने बोलायचं." हा बाईंचा नियम होता. वह्या मुलांनी एकमेकांच्या तपासायच्या, हाही नियमच. मुलांना वाटे, बाईंची शिकवायची रीतच अशी आहे. मुलांची स्पेलिंगं तर सुधारलीच होती. शाळेतूनही तसा निरोप आला होता.

त्या आठवड्यात बाई दोन दिवस बहिणीकडे गेल्या. लेक घर सांभाळायला आली होती. बाई परतल्या तेव्हा दुकानात ताज्या रंगाचा वास होता.

"डोळे मिट," लेक म्हणाली. तिने बाईंना हाताला धरून कपाटापुढे उभं केलं. "आता उघड."

धुक्याच्या कडेने निळं काहीतरी पसरलं होतं. पहाटेच्या आभाळासारखं. बाईंनी हात पुढे केला. बोटं गुळगुळीत लाकडावरून घसरत गेली. पुढच्या खणावर. त्याच्या पुढच्या. कुठेच काही हाताला लागेना.

"बटणं?"

"काढली. जुनाट झाली होती गं किती! बरणीत घालून ठेवलीत. चिठ्ठ्या उशीच्या अभ्र्यात आहेत, एकही हरवली नाही." लेकीच्या आवाजात लहानपणी बक्षीस मिळाल्यावरचा आनंद होता. "आवडलं ना?"

"सुंदर झालंय," बाई म्हणाल्या. ते खरंही होतं.

"चल, लावूया चिठ्ठ्या."

"मुलं लावतील. येतीलच आता."

मुलं आली आणि अभ्रा बघून वेडी झाली. तो फरशीवर उलटा केला. हजारभर शब्द सावल्यांवर सांडले. एरवीचे सगळे नियम त्या ढिगाखाली गडप झाले. वाचायचं कोणाला सुचेना. पाचही जण एकाच वेळी बाईंच्या नाकासमोर चिठ्ठ्या नाचवू लागले.

"बाई, हा कुठे?"

"बाई, आधी माझा!"

"हळू. वाचा आधी," बाई म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही. एक चिठ्ठी त्यांच्या मुठीत कोंबली गेली. लेक शेजारीच उभी होती. बाईंनी चिठ्ठी डोळ्यांपुढे धरली, नेहमीसारखं कौतुकाने मान हलवली.

"हा शेवटच्या 'ई'वाला. वरच्या रांगेत."

मग हशा फुटला.

"बाई, ती मांजर आहे!" आठ वर्षांची एक मुलगी ओरडली. प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घ्यायची म्हणून तिला सगळे वकील म्हणत. "जुळ्यांनी काढलेली मांजर. त्यावर शब्दच नाही!"

मुलांना वाटलं, बाईंनी गंमत केली. ती लोळून हसली. लेक हसली नाही.

"आई, माझ्याकडे बघ."

बाईंनी बघितलं. लेकीचा चेहरा दिसावा म्हणून नजर जरा बाजूला, तिच्या कानापलीकडे नेली. तेवढं लेकीला पुरलं.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

हसू एकेक करून विझलं. वकील पुढे सरकली.

"म्हणजे बाई, तुम्हाला दिसत नाही?"

"कडेचं दिसतं. तुझी वेणी दिसते. एक रिबीन सुटलीय."

वकिलाने रिबीन चाचपली. ती खरंच सुटली होती. "पण वाचता येत नाही?"

"नाही."

"मग आमच्या चुका कोणी काढल्या?"

"तुम्हीच."

"मग तुम्ही काय करत होता?"

"ऐकत होते."

वकिलाने यावर बराच विचार केला आणि सुटलेली रिबीन बांधायला घेतली.

लेक मागे वळून काचेपाशी जाऊन उभी राहिली. तिची पाठ कडेने दिसत होती. "जिन्यावरून पडली असतीस तर? मला सांगायला काय झालं होतं?"

"तू नेलं असतंस."

"नेलंच असतं!" ती गर्रकन वळली. "आणि काय चुकलं असतं गं? सगळ्या जगाच्या पोरांना शिकवलंस. मला कधी जवळ घेऊन बसलीस? आता तरी माझ्याकडे ये म्हटलं, तर..."

हे बाईंना ठाऊक नव्हतं. धुकं फक्त दोन वर्षांचं नव्हतं तर. त्या फरशीवर टेकल्या आणि शेजारची जागा हाताने साफ केली.

"बस."

"आई, मी चाळिशीची आहे."

"बस म्हटलं ना."

जुळ्यांनी सरकून जागा केली. लेक बसली. तिने ढिगातून एक चिठ्ठी उचलली, सवयीने आईपुढे धरली, मग हात मागे घेतला. घसा खाकरून वाचलं, "ब्रिज."

"अक्षरं सांग."

लेकीने एकेक अक्षर सांगितलं. सांगताना ती मध्येच अडखळली. मुलं दम धरून थांबली होती. कोणी मदत केली नाही. तोही नियमच होता.

"आता हा कुठे ठेवायचा?" लेकीने विचारलं.

"ते आता मला कसं कळणार? कपाट तू पुसून टाकलंस. तुम्ही सगळे ठरवा, मी पाठ करेन."

लगेच भांडण जुंपलं. वकिलाला हट्टी खण वरच्या रांगेत हवा होता, जुळ्यांना हाताशी. लेक जुळ्यांच्या बाजूने भांडली. बाई ऐकत राहिल्या.

सहा वाजता लेकीचा फोन वाजला. पलीकडे जावई होता. "उद्या डॉक्टरकडे नेते तिला," ती म्हणाली. "नाही, आणत नाहीये. शुक्रवारपर्यंत मीच राहते इथे." मग जरा वेळ पलीकडचं ऐकून घेत म्हणाली, "अहो, का म्हणजे? तिला काम आहे."

आणि फोन खाली ठेवून तिने ढिगात पुन्हा हात घातला.