घंगाळभर पाणी

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी आमच्या कोशा बैलाला घंगाळभर पाणी पाजलं. वर गुळाचा खडाही चारला. ज्यांना बैलातलं कळतं त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. ज्यांना कळत नाही त्यांनी धीर धरावा. मलाही सकाळी कळत नव्हतं, दुपारपर्यंत चांगलंच कळलं.

मी साताऱ्याची, म्हणजे स्वतःला शहरातली समजणारी. मराठी पाच इयत्ता शिकलेली, आणि नाक असं वर की पाऊस आला असता तर आत पडला असता. मला दिली इस्लामपूर आणि सांगलीच्या मधल्या एका गावात. सासर ऊसवाल्यांचं, पण घराचा जीव उसात नव्हता, गोठ्यातल्या खिलार जोडीत होता. एक बैल पांढराशुभ्र, दुसरा करड्या रंगाचा, म्हणून कोसा. शर्यतीसाठी दोन चाकांचा हलका छकडा होता, आणि छकड्यावर कासरे धरून बसायला आमचे हे.

माझा नातू टीव्हीवर मोटारींच्या शर्यती बघतो आणि विचारतो, "आज्जी, जिंकतं कोण? ड्रायव्हर का गाडी?" त्याला वाटतं हा प्रश्न त्यानंच शोधून काढला. आमच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, हाच वाद रोज जेवणं झाल्यावर सुरू व्हायचा, आणि माझी भांडी घासून झाली तरी संपायचा नाही.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, पहिल्या लढाईत जाऊन आलेले. त्यांचं मत त्यांच्या मिशीसारखंच, कुणी हात लावायचा नाही. "पळतो त्यो बैल. वर बसलेल्यानं खाली पडू नये, येवडंच त्येचं काम." जोडी जिंकली की ते बैलांच्या पाठीवर थाप मारत आणि हरली की ह्यांच्याकडं बघत. जिंकायला बैल आणि हरायला गाडीवान! माझा चुलत दीर लगेच मान डोलवायचा. "व्हय आबा, आन काय. मला द्या की कासरं, मी बी जिंकून दावतो." हे आपले सुपारी कातरत बसत.

आणि मी? मी मनातून मामंजींच्या बाजूची. दोन जनावरं जीव तोडून पळतात, मग वर बसलेला दांडगा माणूस म्हणजे ओझंच की! खाली उतरून चालू लागला असता तर बैलांना बरंच झालं असतं. नवऱ्याबद्दल असा विचार करणारी बायको त्या अख्ख्या भागात मी एकटीच असेन.

तेव्हा दुसरी लढाई चालू होती. साताऱ्याला भरती जोरात होती. आमची जोडी लागोपाठ हरली होती, आणि एका संध्याकाळी मामंजी ह्यांना म्हणाले, "ह्या खेपंला हरलास तर कासरं पुतण्याकडं. आन तू सोमवारी साताऱ्याला जाऊन भरतीला हुबा ऱ्हा. कासरा धरता येत न्हाई तर बंदूक तरी धर."

आमच्या आळीतलं एक पोरगं भरती होऊन गेलं होतं. आधी पत्रं यायची, मग यायची बंद झाली. त्याची आई पोस्टमन दिसला की घरात जाऊन दार लावून घ्यायची. मामंजींना हे ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून गेलेला शब्द कधी परत आला नव्हता. हे नुसतं "बरं" म्हणाले. आत माझ्या हातातली भाकरी फाटली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. नवरा घरात राहायचा तर बैल जिंकला पाहिजे. नवऱ्यानं काय करायचं असतं हा विचार मनाला शिवलाच नाही.

आता आमच्याकडची रीत अशी, की शर्यतीच्या सकाळी बैलाला पोटभर पाणी देत नाहीत. ओला हात तोंडावरून फिरवायचा, फार तर दोन घोट. पोटात पाणी डुचमळलं की बैल पळत नाही, त्याचा दम कोंडतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागतं असं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी शेण काढायला गोठ्यात गेले तर कोसा रिकामी बादली चाटत होता. मला भडभडून आलं. हे बाप्ये गडबडीत मुक्या जनावराचं पाणीच विसरले! मी घंगाळ भरून आणलं. त्यानं मान वर न करता संपवलं. पांढऱ्यालाही पाजणार होते, पण आतून हाक आली. देवाची कृपा.

जोडी माळावर गेल्यावर मी चुलीपुढं शेखी मिरवली. "आत्याबाई, बरं झालं माझं लक्ष गेलं. कोशाला कुणी पाणीच दाखवलं नव्हतं."

सासूबाईंचा हात परातीत थांबला. "मग?"

"मी पाजलं की. घंगाळभर."

"आगं बया! नवऱ्याला पलटणीत धाडलंस की गं!"

का ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं ऐकायला मी थांबले नाही. नांगरलेल्या रानातून, ढेकळांतून, पदर खोचून पळाले. शर्यतीच्या गाड्यांजवळ बायकांनी जायची रीत नव्हती. पुरुष बघत बाजूला झाले. हे कोशाच्या गळ्याला जोतं बांधत होते. मी धापा टाकत सांगून टाकलं.

ह्यांनी कोशाच्या पोटाला तळवा लावला. "किती?"

"घंगाळभर."

"भरून?"

"काठोकाठ." आणि मी गप्प बसावं की नाही? "गूळ पण दिला."

"गूळ बी," हे म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

"अहो, गाडी मागं घ्या."

"मागं घेतली तरी हरलीच म्हंत्यात. तू जा, गंजीवर बायकांत बस. आन आबांपुढं तोंड उघडू नगंस. माझं काय व्हायचं ते हुईल, तुला मातूर जलमभर बोलून घेतील."

माळाच्या कडेच्या कडब्याच्या गंजीवर चढून बायका शर्यत बघायच्या. मी चढले. माळाच्या पल्याड एका लिंबाला फडकं बांधलं होतं. त्या झाडाला वळसा घालून परत यायचं, अशी शर्यत.

निशाण पडलं आणि गाड्या सुटल्या. आमची सगळ्यांत मागं. मागं म्हणजे किती, तर धुळीत दिसेचना. ह्यांनी बैलांना पळूच दिलं नाही, दुडक्या चालीनं नेलं. माळावर हशा पिकला. "आरं, शर्यत हाय का वऱ्हाड चाललंय?" शेजारची बाई मला ढोसून म्हणाली, "का गं, तुझा दादला निजला काय?" मी पदराचं टोक चावत होते. खाली मामंजी कुणाकडंही न बघता उभे होते. चुलत दीर त्यांच्या शेजारी होता, हसू दाबत.

पुढच्या गाड्या भरधाव झाडाजवळ पोचल्या. इतक्या वेगात वळता थोडंच येतं? त्या लांबलांब फाकत गेल्या. सांगलीकडच्या एका बागायतदाराची जोडी सगळ्यांत पुढं होती, ती पार ओढ्याच्या काठापर्यंत गेली. एका गाडीचं चाक उचललं गेलं. बायका किंचाळल्या.

आणि तेवढ्यात आमची आली, हळू. कोसा झाडाच्या बाजूला. ह्यांनी त्याचा कासरा ताणला, आणि पाण्यानं जड झालेला तो बैल, त्याला तर थांबायचंच होतं, जागच्या जागी रुतल्यासारखा झाला. पांढऱ्याचा कासरा सैल सुटला. बिजागरीवर दार फिरावं तसा पांढरा त्याच्याभोवती गर्रकन फिरला. छकडा माळाकडं तोंड करून सरळ! मग हे पहिल्यांदा ओरडले. तो आवाज माझ्या नवऱ्याचा आहे हे मला ओळखू आलं नाही.

एकेक गाडी मागं पडली. कोशाच्या तोंडाला फेस आला होता. त्याची मान खाली जायला लागली तसे हे छकड्यात मागं रेलले, पार आडवे, की जू उचललं जावं आणि त्याच्या खांद्यावरचा भार कमी व्हावा. ज्याला मी ओझं म्हणत होते ते ओझं तो माणूस इकडून तिकडं सरकवत होता. मी गंजीवर उभी राहून काय ओरडत होते ते मला आठवत नाही. बायका पुढं कित्येक वर्षं आठवण करून देत.

एका शिंगानं हरलो. सांगलीकडची जोडी पहिली, आमची दुसरी.

घरी आल्यावर मामंजींनी छकड्यावरचे कासरे उचलून पुतण्याच्या हातात दिले. ह्यांना म्हणाले, "सोमवारची मोटार सकाळची हाय." हे "बरं" म्हणाले आणि कोशाची पाठ पुसायला लागले. पाण्याचा शब्द काढला नाही.

लग्न होऊन आल्यापासून मी मामंजींशी समोर उभी राहून बोलले नव्हते. दाराआडून "व्हय", "न्हाई" एवढंच. त्या दिवशी दार सोडून अंगणात गेले. आत्याबाई मागून "आगं, आगं" करत होत्या.

"मामंजी, कोशाला सकाळी पाणी मी पाजलं. घंगाळभर. ह्यांना गाडी सुटायच्या आधी ठाऊक होतं."

मामंजी कोशाजवळ गेले आणि पोटावर थाप मारली. आतून डबडब वाजलं. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, मग वळून पुतण्याला विचारलं, "ह्या पोटाचा बैल तू किती लांब न्हेला असतास?"

चुलत दीर पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

मामंजींनी कासरे त्याच्या हातातून काढून ह्यांच्या खांद्यावर टाकले. सोमवारचं पुन्हा कुणी बोललं नाही. मग ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मिशी हलत होती; रागानं की कशानं, मला कळेना. म्हणाले:

"पोरी, पानी पाजायची येवडी हौस असंल तर म्होरल्या खेपंला सांगलीकडच्या बैलास्नी पाजून ये. आन गूळ बी दे."